अनियतकालिकांचे दप्तर

इतिहास जितका पराक्रमावर उभा असतो, त्याहून अधिक तो कागदाच्या टिकाऊपणावर उभा असतो. ज्याचा कागद दप्तरात राहिला त्याची बाजू राहिली. ज्याचा गहाळ झाला त्याची बाजू कितीही खरी असली तरी निकाल तिच्याविरुद्ध जातो. सरकारी कचेरीत लेखणी झिजविणाऱ्या आम्हां मंडळींना हे निराळे सांगावयास नको. राजवाड्यांनी गावोगावची जुनी दप्तरे धुंडाळून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तोही याच जाणिवेने. परंतु शिवकाल-पेशवाईच्या कागदांविषयी एवढा दक्ष असलेला आमचा समाज आपल्या अगदी अलीकडच्या वाङ्मयाच्या कागदांविषयी मात्र विलक्षण उदासीन आहे. त्या उदासीनतेचा सर्वांत मोठा फटका बसला आहे तो मराठी अनियतकालिकांना.

गेल्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या मध्यास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' नावाचे चक्रमुद्रित पत्र सुरू केले. चित्रे त्या वेळी विशीतही आले नव्हते. पुढे १९६३ पासून अशोक शहाणे यांचे 'असो' निघाले. औरंगाबादेहून 'वाचा' निघाले. आणि त्यामागोमाग 'फक्त', 'भारूड', 'येरू', 'विद्रोह' अशी नावांपासूनच शिष्टाचार मोडणारी पत्रे निघत गेली. नियमितपणा हा त्यांचा धर्म नव्हता. पैसे जमले, मजकूर जमला, मित्र जमले की अंक निघे. एरव्ही निघत नसे. हे केवळ मराठीतच घडत होते असेही नाही. १९६५ साली अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांनी इंग्रजीत असाच उद्योग आरंभिला होता.

या चळवळीचे हत्यार कोणते, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. ते हत्यार म्हणजे सायक्लोस्टाइल, कचेरीत परिपत्रके काढण्याचे यंत्र! मेण चढविलेल्या पातळ स्टेन्सिलवर फीत बाजूस सारून टंकयंत्राने ठोकले, अथवा टोकदार लोखंडी लेखणीने कोरले, की तेवढ्या जागेचे मेण निघून जाई. मग ती रुळावर चढवून दांडा फिरविला की शाई त्या वाटेने कागदावर उतरे. एका स्टेन्सिलवर काहीशे प्रती निघत, पुढे अक्षरे फुटू लागत. म्हणजे ज्या यंत्रातून शासनाचे आदेश बाहेर पडत, त्याच जातीच्या यंत्रातून प्रस्थापित वाङ्मयावरील हल्लाही बाहेर पडला. संपादकाची संमती, मुद्रकाची उधारी, वितरकाची मर्जी, या तिन्ही फाटकांवरील पहारेकऱ्यांना त्याने एकदम रजा दिली.

विलायतेत हीच गोष्ट काही वर्षांनी घडली. पंक संगीताची लाट आली तेव्हा मार्क पेरी नावाच्या लंडनच्या एका तरुण बँक-कारकुनाने जुलै १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' हे घरगुती पत्र काढले. टंकलिखित मजकूर, जाड पेनाने हाताने लिहिलेली शीर्षके, आणि झेरॉक्सच्या प्रती! १९७७ सालीच त्याने ते बंदही केले. पण तेवढ्या काळात त्याचे अनुकरण करणारी अशी 'फॅनझिने' ठिकठिकाणी निघाली. आज संग्राहक त्या चुरगळलेल्या अंकांना जिवापाड जपतात. त्या संगीताच्या पहिल्या दिवसांची ताजी नोंद मोठ्या वृत्तपत्रांहून या पानांत अधिक सापडते, हे त्यांना उमगले आहे.

आता आपल्याकडची स्थिती पाहावी. अनियतकालिकांच्या रोषाचे मुख्य लक्ष्य होते 'सत्यकथा'. १९६९ साली राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' सांगितली आणि त्या मासिकाच्या अंकाची होळीही झाली. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली, तरी तिचे बांधीव खंड जुन्या ग्रंथालयांच्या फडताळांत क्रमवार मिळतात. तिच्याशी भांडणारे कागद मात्र विखुरले. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठरावीक ग्रंथालयांस धाडणे बंधनकारक केले आणि १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकेही त्यात आली. पण ज्या पत्राला नियत काळच नाही, त्याने त्या वाटेने ग्रंथालयात पोचावे कसे? या एकतर्फी दप्तरावरून उद्याचा इतिहासकार लिहील तो इतिहासही एकतर्फीच असेल. आणि ही बाजू क्षुल्लक नव्हे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तिच्या संस्थापकांतील नामदेव ढसाळ व राजा ढाले हे याच अनियतकालिकांच्या वर्तुळात वावरलेले होते.

जे वाचले ते व्यक्तींच्या चिकाटीने वाचले. बँकेत नोकरी करून कविता लिहिणारे सतीश काळसेकर हे त्यांतील एक ठळक नाव. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या त्यांच्या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ साली ते निवर्तले. ग्रंथ व नियतकालिके जमविण्याचा त्यांचा व्यासंग विख्यात होता. अंजली नेर्लेकर यांनी 'बॉम्बे मॉडर्न' या २०१६ च्या इंग्रजी ग्रंथात कोलटकरांची कविता या छोट्या पत्रांच्या संदर्भात उलगडून दाखविली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रहही उभा राहिला आहे. मुंबईत निघालेला कागद पाहावयास इथाकापर्यंत जावे लागावे, यात त्या विद्यापीठाचा दोष नाही. त्याचे उपकारच मानावयास हवेत.

येथे एक आक्षेप येईल. ज्यांनी संस्थांना धुडकावले, त्यांचेच कागद संस्थांच्या कपाटांत बंद करणे हा त्यांचा पराभव नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. बंडखोराचा खरा पराभव त्याच्या प्रतिपक्षाच्या तोंडून त्याची हकीकत ऐकू येण्यात आहे. मात्र जतन करताना त्याला सभ्य कपडे चढवू नयेत. गंजलेली टाचणी हलक्या हाताने काढावी, अंक आम्लरहित कागदाच्या वेष्टनात ठेवावा. परंतु फुटलेली अक्षरे, खोडलेल्या ओळी, वर्गणीचे आवाहन, मागच्या पानावरील पत्ता, यांतले काही कापू नये. तारीख नसेल तर ती अंदाजाने मूळ अंकावर लिहू नये. अंक कोणाकडून कोणाकडे आला, हे वेगळ्या चिठ्ठीवर जरूर लिहावे.

आमच्या या बेंगळुरात नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेने २०१९ पासून आपले अभिलेखागार उघडले आहे. तेथे शास्त्रज्ञांच्या छापील ग्रंथांबरोबर त्यांच्या वह्या, पत्रे व कच्ची टिपणेही जपली जातात, कारण विचार कसा घडला हे कच्च्या कागदावरच दिसते. विज्ञानाला जे कळले ते वाङ्मयाला कळू नये काय?

बदलीच्या नोकरीत सामान दर तीन-चार वर्षांनी बांधावे लागते, आणि दर बांधाबांधीत जुने कागद प्रथम रद्दीत जातात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी वडिलांची अथवा काकांची एखादी ट्रंक असेल. तिच्या तळाशी टाचलेली, पिवळी पडलेली, वेडीवाकडी चार पाने निघाली, तर ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा वाचावीत आणि त्यांची छायाप्रत काढून मूळ अंक एखाद्या जाणत्या ग्रंथालयाकडे सोपवावा. ज्या वादाचा निकाल आपण देऊ शकत नाही, त्यातील एका पक्षाचा पुरावा नष्ट करण्याचा अधिकारही आपल्याला पोचत नाही.