कपाळावर बोट ठेवा

आधी वास येतो. डोळे अंधाराला सरावण्याआधीच नाकाला कळतं, की पडद्याच्या डावीकडच्या दारामागं थिएटरचा संडास आहे आणि ते दार नीट लागत नाही. त्यावर फिनेलसारखं काहीतरी जळजळीत ओतलेलं. वर भाजलेल्या सुक्या माकुळाचा खारट, खमंग वास. कोकणातल्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटावं असा. मग शेकडो माणसांचा घाम, केसांचं तेल, पाठीवर बांधलेल्या कुणाच्या तरी तान्ह्याचं ओकलेलं दूध. श्वास घ्या. दोन मिनिटांत सवय होईल.

तुम्ही टोकियोच्या दक्षिण टोकाला, कामाता नावाच्या गजबजलेल्या वस्तीत आहात. १९५९ सालच्या मे महिन्यातली रविवारची दुपार आहे. बसायला जागा शोधू नका, मिळणार नाही. इथं लोक वाटेल तेव्हा आत शिरतात, सिनेमा मधूनच बघायला लागतात आणि पुढच्या खेळात तोच भाग पुन्हा आला की उठून जातात. एक उठला की त्याच्या खुर्चीवर तिघं झेपावतात. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे राहा. भिंत कोमट आणि ओलसर आहे, शर्टाला चिकटेल. गेल्या वर्षी या देशात सिनेमाची ११२ कोटींहून जास्त तिकिटं खपली, म्हणजे तान्ह्या बाळांसकट माणशी बारा. ती सगळी माणसं आजच इथं आली आहेत असं वाटण्याइतकी गर्दी आहे.

गळ्यात ट्रे अडकवलेली एक मुलगी रांगांमधून वाट काढत ओरडते, "ओसेन नी क्यारामेरू!" तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आणि कॅरॅमलच्या गोळ्या. लाकडी खडावा फरशीवर खटखटतात. पुढच्या रांगेतली पोरं खुर्चीच्या पाठीवर लाथा मारतायत. त्यांचे गुडघे उघडे आहेत आणि प्रत्येक गुडघ्यावर एक तरी खपली आहे.

पडद्यावर गोणपाटासारख्या कापडावर अक्षरं येतात आणि मोठी माणसं खुर्चीत सैलावतात. हे कापड त्यांना ओळखू येतं. यासुजिरो ओझूचा सिनेमा. म्हणजे चहा, चटया, मुलीचं लग्न जमवणारे वडील, हळूच पुसलेले डोळे. तुमच्या शेजारच्या बाईंनी हातरुमाल आधीच काढून ठेवलाय. सिनेमाचं नाव ‘ओहायो’. आपण सकाळी भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणतो, तसा हा जपानी शब्द.

नदीचा बांध दिसतो. बांधाखाली एकमेकांना चिकटलेली छोटी घरं, मागं विजेचे उंच मनोरे. शाळेतून परतणारी चार पोरं बांधावरून चालतायत. एक जण दुसऱ्याला सांगतो, माझं कपाळ दाब. तो बोटानं दाबतो.

आणि पहिला पादतो.

तो आवाज खराखुरा नाही, हे ऐकताना लक्षात घ्या. तो सुरेल आहे, एखाद्या फुंकवाद्यातून काढल्यासारखा गोल. क्षणभर थिएटर गप्प होतं. ओझूच्या सिनेमात? आपण ऐकलं ते खरंच तेच होतं? शेजारच्या बाई रुमाल हातात धरून थिजल्यात. मग तिसऱ्या रांगेतल्या एका पोराला राहवत नाही. त्याचं हसू नाकातून फुटतं, आणि बांध फुटावा तसं सगळं सभागृह त्याच्यामागून वाहून जातं.

हे हसू कानापेक्षा अंगाला जास्त जाणवतं. तुमच्या पाठीमागची भिंत थरथरते. पोरं खुर्चीवर उभी राहून एकमेकांची कपाळं दाबायला लागतात. "माझं दाब, माझं दाब!" आया एका हातानं तोंड झाकतात आणि दुसऱ्या हातानं पोराला खाली ओढतात, पण त्या हातात जोर नाही, कारण त्याही हलतायत. पाठीवरचं तान्हं दचकून रडायला लागतं. तुमच्यापुढचे आजोबा अजून हसलेले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकून, पुढं काय होतंय याची वाट बघतायत. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

पडद्यावरच्या पोरांनी यासाठी एक औषध शोधलंय. अंग घासायचा हलका, भोकाभोकांचा दगड, आपल्याकडं टाचेला वज्री लावतात तसा. त्याची पूड खाल्ली की हुकमी पादता येतं, असा त्यांचा ठाम विश्वास आहे. पण चौघांतल्या कोझोला काही केल्या जमत नाही. त्याचं कपाळ दाबलं की त्याचा चेहरा बदलतो. पाय जवळ येतात. तो हळूहळू, गुडघे न वाकवता, घराकडं वळतो. चड्डीत काय झालंय हे सांगायला एक शब्दही लागत नाही.

आता आजोबा हसतात. काठी हातातून निसटून फरशीवर आपटते आणि ती उचलायचं भान त्यांना राहत नाही. मला वाटतं, पोरांना जे ठाऊक नाही ते त्यांना ठाऊक आहे: ही गोष्ट फार जुनी आहे. ओझूच्या कित्येक शतकं आधीच्या जपानी चित्रगुंडाळीत असाच एक माणूस आहे. तो सुरात पादण्याच्या कलेवर श्रीमंत होतो. शेजारी त्याची नक्कल करायला बड्या माणसापुढं उभा राहतो आणि कपडे भरून घेतो. त्या बिचाऱ्या शेजाऱ्यानंतर आज कोझोची पाळी आली आहे.

या हसण्यामागं आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या नाकाला आत शिरतानाच कळलं होतं. या वस्तीत बहुतेक घरांचे संडास खड्ड्याचे आहेत. मैला उपसायला गाडी येते, तिची जाड नळी गल्लीतून ओढत नेतात, आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीला ते कळतं. घरांच्या भिंती पातळ, दारं कागदाची. शेजाऱ्याचं पोट बिघडलेलं अख्ख्या आळीला कळतं आणि तरीही सकाळी त्याच्याशी गंभीर चेहऱ्यानं ‘ओहायो’ म्हणावं लागतं. वर्षानुवर्षं न ऐकल्यासारखं केलेलं ते सगळं आज थिएटरात मोकळं होतंय. पाणी ओढलं की सगळं दिसेनासं होणाऱ्या घरातून आलेल्या आपल्याला ते एवढ्या जोरात हसू येणार नाही.

थांबा, आता बापमाणसांची पाळी. पडद्यावर एका पोराचे वडील घरात सहज पादतात. बायको स्वयंपाकघरातून येऊन विचारते, हाक मारलीत का? नाही म्हणतात. ती जाते. ते पुन्हा पादतात. ती पुन्हा येते, हाक मारलीत? हा गृहस्थ गॅस कंपनीत नोकरीला आहे. हे कळल्यावर पहिल्यांदाच पुरुषांचा घोगरा, दणदणीत हशा उठतो आणि पोरं मागं वळून बघतात: आपले बाबाही हसतात? तुमच्या शेजारच्या बाई नवऱ्याला कोपरानं ढोसतात. तो पडद्यावरची नजर काढत नाही, पण त्याचे कान लाल झालेत. हातरुमालानं बाईंनी अखेर डोळे पुसलेच.

मधला भाग पोरांना राग आणणारा आहे. मिनोरू आणि त्याचा धाकटा भाऊ इसामू यांना घरात टीव्ही हवाय, सुमो बघायला. वडील ओरडतात, फार बडबड करता, गप्प बसा. मिनोरू उलटून म्हणतो की मोठी माणसंच वायफळ बोलतात. काय, कुठं निघालात? इथंच, जरा पुढं. हवा छान आहे नाही? मग दोघं भाऊ मौन धरतात, शाळेतसुद्धा. पुढच्या रांगा एकदम एका पक्षाच्या होतात. वडिलांचा आवाज चढला की शूज जमिनीवर आपटतात. इसामू बोलायची परवानगी मागायला बोटांनी खूण करतो, तेव्हा पाच वर्षांची एक मुलगी पडद्याकडं ओरडून त्याला सांगते, बोलू नकोस!

मोठ्यांचं हसू मात्र आता निराळं झालंय. बारीक, थोडं पकडलं गेल्यासारखं. कारण आत शिरताना दारात त्यांनी एकमेकांना हेच विचारलं होतं. हवा छान आहे नाही? पोरांचं पादणं आणि आपलं ‘कुठं निघालात’, दोन्हीचा अर्थ सारखाच: मी इथं आहे, तूही आहेस ना? पंचावन्न वर्षांच्या, अविवाहित, आईसोबत राहणाऱ्या ओझूनं हे पोरांच्या उंचीवर बसून ऐकलं, यासाठी माझ्या मनात त्याच्याविषयी अपार माया आहे. गंभीर म्हणून गाजलेल्या दिग्दर्शकानं आपली सगळी कसबं एका पोरकट विनोदासाठी वापरावीत, आणि तो विनोद कुठंही ओंगळ होऊ देऊ नये, हे फार थोड्यांना साधलंय.

शेवटी घराच्या बोळकांडीत टीव्हीचं खोकं दिसतं. इसामू आनंदानं कमरेभोवती हूलाहूप फिरवतो. आणि अगदी शेवटी वाऱ्यावर, दोरीवर, कोझोच्या धुतलेल्या चड्ड्या. दिवे लागतात. पोरं अजूनही खुर्च्यांखाली लोळतायत.

बाहेर ऊन डोळ्यात घुसतं. विजेच्या सामानाच्या दुकानापुढं माणसांचा गठ्ठा उभा आहे. काचेमागं टीव्हीवर सुमो चालू आहे, कुणी वाकानोहानाच्या बाजूनं ओरडतंय, कुणी तोचिनिशिकीच्या. टीव्ही म्हणजे काही महिन्यांचा पगार. थिएटरातून निघालेली पोरं त्या गर्दीत घुसतात, बोटं पुढं करून, कपाळं पुढं करून. "आय लव्ह यू!" एक जण इसामूसारखं ओरडतो, त्याला येणारं सगळं इंग्रजी तेवढंच. एकाचं कपाळ दाबलं जातं आणि त्याला खरोखर जमतं. आई टपली मारते. आपल्याकडच्या मुलांकडं कोण पादलं ते बोटं मोजून शोधायचं गाणं आहे. इथं शोधायची गरजच नाही, तो स्वतःच हात वर करून उभा आहे.

संध्याकाळी सार्वजनिक न्हाणीघरात चला. वाफ, साबण, लाकडी बादल्यांचा आवाज, गळ्यापर्यंत कढत पाण्यात बुडालेली माणसं. अंग घासायचा दगड घेऊन दोन पोरं कोपऱ्यात उकिडवी बसलीयत आणि नखानं त्याची पूड पाडून बघतायत. एक आजी लांबूनच ते ओळखते आणि दगड काढून घेते. तेवढ्यात मोठ्या हौदात कुठून तरी चार बुडबुडे वर येतात. कुणी बोलत नाही. सगळे छताकडं बघतात.

आता परत या. ‘ओहायो’ ९४ मिनिटांचा आहे आणि आजही बघायला मिळतो. एकट्यानं बघू नका. घरातलं किंवा शेजारचं सात-आठ वर्षांचं पोर शेजारी बसवा. त्याला खालची भाषांतराची ओळ वाचता आली नाही तरी चालेल, आणि ते हसायला लागलं की त्याला गप्प करू नका.