खामगावच्या कापसापासून खोतीच्या कायद्यापर्यंत : अर्थतज्ज्ञ आंबेडकरांचे राजकारण

१/१३
डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधानाचे शिल्पकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांचे उच्च शिक्षण मुख्यतः अर्थशास्त्राचे होते, आणि त्यांनी स्थापन केलेल्या पहिल्या राजकीय पक्षाच्या नावात ‘मजूर’ हा शब्द होता. त्यांच्या अर्थशास्त्राने त्यांच्या राजकारणाला कोणती दिशा दिली, याचा हा धागा.

२/१३
बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकविले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये तेथे त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न.

३/१३
हा प्रश्न समजून घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव उपयोगी पडते. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. तेथून तो परदेशी जाई. किंमत पौंडांत ठरे, हाती मात्र रुपये येत.

४/१३
रुपया चांदीचा होता. १८७३ च्या सुमारास तो जवळपास दोन शिलिंगांचा होता; चांदी घसरत गेली आणि १८९३ पर्यंत तो सुमारे सव्वा शिलिंगावर आला. पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे एका पौंडाच्या मालाचे पूर्वी दहा रुपये मिळत, तेथे आता सोळा मिळू लागले. निर्यातदारांना ही भरभराट वाटली.

५/१३
आंबेडकरांनी या हिशेबाची दुसरी बाजू मांडली. चलन स्वस्त झाले की वस्तूंचे भाव चढतात. मजुरी मात्र मागे रेंगाळते. निर्यातदाराचा वाढीव नफा म्हणजे राष्ट्राची कमाई नव्हे. तो देशातीलच दुसऱ्या वर्गाच्या, विशेषतः मजुरांच्या, पदरातून आलेला असतो. म्हणून चलन असे हवे की देशातील भाव स्थिर राहतील.

६/१३
त्यापूर्वी, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला होता. शेतीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे त्या काळी अनेक जाणकार म्हणत. आंबेडकरांचे म्हणणे वेगळे होते. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही; त्यावर किती भांडवल आणि किती हात आहेत, यावर ठरते.

७/१३
भारतात जमीन थोडी, अवजारे त्याहून थोडी आणि शेतीवर विसंबलेली माणसे मात्र अतोनात. हे रिकामे हात काम न करताही खातात, म्हणून बचत होत नाही. बचत नाही म्हणून भांडवल नाही. त्यांच्या मते यावरचा खरा उपाय उद्योगीकरण हा होता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आलेल्या लहान शेतकऱ्यांविषयीच्या विधेयकालाही त्यांनी विरोध केला.

८/१३
१५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार निवडून आले. आता अभ्यासातील प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडता येणार होते. पहिला घाव पडला तो कोकणातील खोतीवर.

९/१३
वऱ्हाडात बहुतांशी रयतवारी होती; शेतकरी सारा थेट सरकारात भरी. रत्नागिरी-कुलाब्यात मात्र सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले : खोताला वाजवी भरपाई, आणि जमीन कसणाऱ्याला कब्जेदाराचा हक्क. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकला. विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

१०/१३
फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी काँग्रेस सरकारने संपावर निर्बंध घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. संप करणे हा गुन्हा ठरविणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, अशी आंबेडकरांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मतभेद मात्र कायम होते : जातीचा प्रश्न बाजूला सारून कामगारांची एकजूट होईल, हे त्यांना मान्य नव्हते.

११/१३
जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झाली आणि मजूर पक्षाचे पर्व संपले. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत कामगारांच्या आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न पुढे सरकला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

१२/१३
१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात त्यांनी आपली संपूर्ण योजना मांडली. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याकडे. शेतजमीन भरपाई देऊन राज्याने ताब्यात घ्यावी, ठरावीक आकाराची शेते पाडून गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिक कसण्यासाठी द्यावीत, आणि भांडवलही राज्याने पुरवावे. सत्ता बदलली तरी ही व्यवस्था मोडू नये, म्हणून ती संविधानातच असावी, असा त्यांचा आग्रह होता. संविधानात तिला स्थान मिळाले नाही.

१३/१३
त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६१ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीनधारणेचा कायदा केला. भूमिहीनाला जमीन मिळणे हा न्यायच होता. पण भांडवल आणि जोडीला उद्योग नसेल, तर लहान तुकडा घर पोसू शकत नाही, हा १९१८ चा इशाराही तितकाच खरा होता. आजही कापूस-सोयाबीनच्या दोन-चार एकरांवर संसार ओढणाऱ्या वऱ्हाडात तो निबंध जुना वाटत नाही. आंबेडकरांना केवळ संविधानापुरते वाचले, तर नेमका हाच प्रश्न वाचायचा राहून जातो.