कंडरा-दुरुस्ती, मधुमेहातील : वनस्पतिज अँटिऑक्सिडंटांची भूमिका

स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. रुग्णालयात तिला सर्रास टेंडन म्हणतात. मधुमेहात ही दोरी जाड आणि ताठ होते, आणि दुखावली तर उशिरा व कच्ची सांधली जाते. हळद, आवळा, हिरवा चहा यांतील अँटिऑक्सिडंट द्रव्यांनी ही सांधणी सुधारते का, यावर गेली काही दशके संशोधन चालू आहे. कंडरा हा शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्या सोळा मोजल्या आहेत, पण ती गणती आजच्या शारीरशास्त्राशी जुळत नाही.

कंडरेच्या कोरड्या वजनात 65 ते 80 टक्के कोलॅजन असते. पेशी विरळ, रक्तपुरवठा तुटपुंजा. त्यामुळे धडधाकट माणसातही जखम भरायला महिने लागतात. आधी सूज येते, मग घाईघाईने टाइप-3 कोलॅजनची भरणी होते आणि सावकाश त्याची जागा मजबूत टाइप-1 घेते. मधुमेहात हा शेवटचा टप्पा विशेष रखडतो.

याचे एक मूळ साखरेच्या रसायनात आहे. ग्लुकोज कोणत्याही विकराच्या मदतीवाचून प्रथिनांना चिकटते. पावाचा पापुद्रा खरपूस होतो तो याच जातीच्या अभिक्रियेने. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती 1912 मध्ये वर्णिली. मधुमेही ज्या ‘एचबीए1सी’ तपासणीचा आकडा पाठ ठेवतात, तीही हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजते. पण तांबडी पेशी सुमारे 120 दिवसांत मोडीत निघते आणि तिच्याबरोबर तो हिशेबही पुसला जातो. कंडरेचे तसे नाही. 1955 ते 1963 दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला होता. त्याचा माग काढून डॅनिश संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले, की टाचेमागच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. साठीच्या माणसाच्या टाचेत शाळकरी वयातले कोलॅजन असते! त्यावर वर्षानुवर्षे साखरेची पुटे चढतात, धाग्याधाग्यांत आडवे बंध तयार होतात. तीन महिने साखर आटोक्यात ठेवली की रक्ताचा अहवाल सुधारतो, ते बंध मात्र तसेच राहतात.

याची लक्षणे दवाखान्यात नेहमी दिसतात. खांदा जखडतो, बोट वाकवल्यावर अडकून बसते, नमस्कार करताना तळवे एकमेकांना पुरते टेकत नाहीत. टाचेमागची कंडरा ताठरली की चालताना चवड्यावर जादा भार येतो. संवेदना गेलेल्या पावलाला तिथेच व्रण होतो.

दुसरे मूळ ऑक्सिडीकरणाच्या ताणात. साखर वाढली की पेशींतील तंतुकणिका जास्त सुपरऑक्साइड सोडतात आणि त्यातून हानीचे अनेक मार्ग खुले होतात, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये केली. वनस्पतींचा संबंध येतो तो इथे. हळदीतले कुर्कुमिन मुक्त मूलके थेट टिपण्यापेक्षा ‘एनआरएफ2’ हे प्रथिन जागे करून पेशीची स्वतःची संरक्षक विकरे वाढवते, असे प्रयोगशाळेत दिसते. आवळ्यातले क-जीवनसत्त्व तर कोलॅजन विणायलाच लागते. त्याचे ऑक्सिडीकृत रूप आणि ग्लुकोज पेशीत एकाच दाराने शिरत असल्याने साखर वाढली की त्याची वाट अडते. हळद-आवळ्याची ही जोडी वाग्भटाने अष्टांगहृदयात प्रमेहावरची श्रेष्ठ औषधी म्हणून सांगितली आहे. निशामलकी हे तिचे रूढ नाव.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. त्या निकालाने वापराचे जुनेपण सिद्ध झाले. गुणकारिता हा वादाचा मुद्दाच नव्हता. हे दोन्ही आपल्याकडे हमखास एकत्र केले जाते.

उंदरांच्या जखमी कंडरेत कुर्कुमिनमुळे धाग्यांची मांडणी सुधारल्याचे प्रयोग आहेत. पण मधुमेहाच्या प्रयोगांत उंदराला तो बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून दिला जातो. हे रसायन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारते, म्हणजे आजार टाइप-1 सारखा होतो आणि काही आठवड्यांचाच असतो. टाइप-2 च्या रुग्णाच्या कंडरेवर वीस वर्षांची साखर साचलेली असते. शिवाय तयार झालेले आडवे बंध ही द्रव्ये माणसात तोडतात, असा पुरावा नाही. म्हणून साखरेवर ताबा आणि हळूहळू भार वाढवत केलेला व्यायाम हाच उपचाराचा कणा मानला जातो. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही: 2009 च्या एका जर्मन अभ्यासात क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामामुळे होणारा इन्सुलिन-संवेदनशीलतेचा फायदाच रोखला होता.

कुर्कुमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कुर्कुमिनसोबत मिऱ्यातले पिपेरीन 20 मिलिग्रॅम दिले, तेव्हा माणसात त्याची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. बाजारातल्या अनेक गोळ्यांत म्हणूनच पिपेरीन असते. ते इतर औषधांचेही शोषण वाढवू शकते, आणि अशा तीव्र गोळ्यांनंतर यकृतदाह झाल्याच्या नोंदी 2019 मध्ये इटलीत झाल्या. आमटीतल्या चिमूटभर हळदीला ही भीती लागू नाही.