कॅमेऱ्याचे भान नसलेला चेहरा

१/ सोलापूरच्या नवी पेठेत, ऐन खरेदीच्या गर्दीत, कुणाच्या मोबाईलवर रांगणारे बाळ दिसले की शेजारचे अनोळखी गिऱ्हाईकही क्षणभर डोकावते. हे कुतूहल मोबाईलपेक्षा बरेच जुने, चित्रपटाइतकेच जुने आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ २८ डिसेंबर १८९५, पॅरिस. ल्युमिए बंधूंच्या पहिल्या सशुल्क खेळातील दहा चित्रफितींपैकी एक होती बाळाच्या जेवणाची. ऑगस्त ल्युमिए व त्यांची पत्नी मार्गरीत आपल्या तान्ह्या आंद्रेला भरवीत आहेत. मिनिटभराचाही हा प्रसंग नाही. मध्येच आंद्रे हातातले बिस्किट चौकटीबाहेरच्या कुणाला तरी देऊ करते. मोठी माणसे कॅमेऱ्याची जाण ठेवून वागतात. तिला ती जाणच नाही. माहितीपटकार ज्या सहजतेसाठी पुढे वर्षानुवर्षे झटले, ती येथे आयती लाभली होती.

३/ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए यांच्या चित्रफिती आल्या, पण त्या दिवशीच्या सहांत हे बाळ नव्हते. तो खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये टिपली ती कुस्ती!

४/ घरातले विश्व पडद्यावर आणले दादासाहेब फाळक्यांनी. १९१२ मध्ये भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वेल झाला. वाढणारा जीव हे दृश्य कोणालाही खिळवून ठेवते, हे त्यांनी नेमके हेरले होते, असे मला वाटते.

५/ 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. परंतु आपल्या विषयाशी खरे नाते आहे ते 'कालिया मर्दन'चे (१९१९). त्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण आहे. मात्र चित्रपटाच्या आरंभी ती मंदाकिनी म्हणूनच कॅमेऱ्यासमोर येते, नाना मुद्रा करून दाखविते आणि मग कृष्णरूपात दिसते. हा आरंभ कथेचा नव्हे. ती एका मुलीची नोंद आहे. अर्थात आंद्रेपेक्षा ही निराळी: हिला कॅमेरा ठाऊक आहे, वडील काय सांगताहेत तेही कळते आहे. तरीही देवाआधी मूल दाखवावे, हा निर्णय मला त्यातील चमत्कारदृश्यांहून धीट वाटतो.

६/ २०१० मध्ये फ्रेंच दिग्दर्शक तोमा बाल्मेस यांनी 'बेबीज' या माहितीपटात नामिबिया, मंगोलिया, जपान व अमेरिका येथील चार बाळांचे पहिले वर्ष दाखविले. निवेदन नाहीच. भाषांतरावाचून तो जगभर समजला. मूकपटांच्या काळातल्या प्रेक्षकाला याचे नवल वाटले नसते.

७/ पण ज्याला कॅमेरा कळत नाही, त्याची संमती कशी घ्यावी? आंद्रेला कुणी विचारले नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, मुंबई इलाख्यातही जिने घरेच्या घरे रिकामी केली त्याच साथीत, ती गेली. वय अवघे चोवीस. ती चित्रफीत आजही दाखविली जाते.