सेनिओच्या पात्रातील दुसरी खेप

आटगावहून मुरबाडला यावे, माळशेज घाट चढावा, की अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा मुलूख फार दूर राहत नाही. त्या जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई म्हणून इटलीत लढले. कंपनीचे निरोप पोहोचविणे हे त्यांचे काम.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी त्यांची कंपनी सेनिओ नदी ओलांडत होती. पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी छातीइतके. परंतु दोन्ही काठांवर ३० ते ३५ फूट उंचीचे उभे बांध, त्यांत जर्मनांची ठाणी आणि पेरलेले सुरुंग. पलीकडे पाय टेकताच मशीनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. जाधवांखेरीज त्या तुकडीतील इतर सर्व ठार झाले.

जाधवांनी एका जखमी सोबत्याला उचलले आणि पाण्यातून, सुरुंगांतून वाट काढीत सुरक्षित जागी नेले. मग ते पुन्हा गेले आणि दुसऱ्यालाही घेऊन आले. तिसऱ्यांदा गेले ते शत्रूवर चालून. हाताला गोळी लागल्याने बंदूक चालेना, तेव्हा हातबॉम्ब घेऊन त्यांनी उरलेली ठाणी गप्प केली आणि बांधावर उभे राहून, शिवरायांचा जयजयकार करीत, मागच्या सैनिकांना पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही कथा सांगताना आपण बहुधा तिसऱ्या खेपेपाशी रेंगाळतो. मला मात्र दुसरी खेप मोठी वाटते. पहिली खेप ऊर्मीच्या भरात होऊ शकते. दुसऱ्या वेळी त्या पाण्यात काय आहे हे माणसाला पुरते ठाऊक असते.

याच रेजिमेंटचे, माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच शत्रूचे ठाणे एकट्याने जिंकून धारातीर्थी पडले. जाधव मात्र परतले आणि १९८४ पर्यंत जगले. म्हणून त्यांचा त्याग उणा ठरतो काय? देह पडला तरच त्याग खरा, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. खरे तर दुसऱ्यांदा पाण्यात पाऊल टाकले, त्याच क्षणी त्यांनी आपला प्राण देऊन टाकला होता. तो परत मिळाला, इतकेच.

ते युद्ध परक्या सत्तेचे होते, आपला देश पारतंत्र्यात होता. तथापि, खांद्यावरचा जखमी माणूस साम्राज्याचा नव्हता. तो सोबती होता.