अंजदीवचं पाणी

आम्हा कारवारकरांना अंजदीव लहानपणापासून समोर दिसत आला. बिणग्याच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोनेक किलोमीटर, लांबीला दीड. एवढ्याशा बेटासाठी इतकी आरमारं का भांडली, याचं उत्तर माझे वडील एका शब्दात देत: पाणी. गोडे झरे, आणि किनाऱ्याकडच्या बाजूला जहाजांना आडोसा.

वास्को द गामाने 1498 मध्ये परत निघण्याआधी जहाजांची डागडुजी इथेच केली. 1505 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने किल्ला बांधायला घेतला, आणि एकदोन वर्षांत सोडूनही दिला. शाळेत एवढंच शिकवत. मला मात्र 1662 सालच्या इंग्रजांची जास्त कीव येते. मुंबई त्यांच्या राजाला आंदणात मिळालेली, पण पोर्तुगीज ती हातची सोडेनात. सुरतेलाही जागा मिळेना. मग सर अब्राहम शिपमन आपले चार-पाचशे शिपाई घेऊन अंजदीववर येऊन बसला. पावसाळे गेले, रोगराई पसरली, माणसं पटापट मेली. 1664 मध्ये खुद्द शिपमनही गेला. 1665 च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कुक मुंबईचा ताबा घ्यायला पोचला, तेव्हा सोबत शंभराच्या आसपास शिपाई उरले होते. मुंबईवर लिहिणारे हे प्रकरण दोन ओळींत उरकतात.

1682 मध्ये संभाजीराजांनी इथे किल्ला बांधायचं मनावर घेतलं. पोर्तुगीजांनी घाईने बेट बळकावून तटबंदी उभारली, ती पुढे पावणेतीनशे वर्षं त्यांच्याच हाती राहिली.

या सगळ्यात बेटावर राहत कोण होतं? शिपाई, हद्दपार केलेले कैदी, पाद्री, थोडी ख्रिस्ती कुटुंबं. मुख्य भूमीवर लढाया पेटल्या की तिकडची माणसंही आसऱ्याला येत. त्यांची नावनिशी कुणी जपली नाही. झेंडे मात्र तारीखवार नोंदलेले. बेटाचा खरा दिवस 2 फेब्रुवारी. नोस्सा सेन्योरा दास ब्रोतासच्या, म्हणजे झऱ्यांच्या सायबिणीच्या फेस्ताला होड्या भरभरून येत.

1961 च्या नोव्हेंबरात बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. 18 डिसेंबरला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या भारतीय युद्धनौका आल्या. नौदलाच्या नोंदीनुसार पोर्तुगीजांनी पांढरं निशाण दाखवलं, आणि आपली माणसं उतरू लागताच गोळ्या झाडल्या. नौदलाचे 7 जण पडले. मग युद्धनौकांच्या तोफांनी बाकीचं काम केलं. वडील तेव्हा कारवारच्या बैतखोलला होते. त्या तोफांची आठवण ते कुणी विचारलं तरच सांगत.

पुढे नौदलाला ‘सीबर्ड’ तळासाठी हाच किनारा हवा झाला. 1986 मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली, 2005 मध्ये ‘आयएनएस कदंब’ कार्यरत झालं. अर्गा, बिणगा आणि आसपासच्या गावांतली हजारो कुटुंबं हलली, रापणीची पुळण गेली. बेटाला दगडी बांध घालून जमिनीशी जोडलं. तळ नको होता असं मी म्हणणार नाही. नौदलाची अडचण करणारी मुंबई बंदरातली गर्दी मी पाहिली आहे. पण फेस्त बंद झालं, हे काही देशाच्या रक्षणासाठी अटळ होतं असं मला पटत नाही. वर्षातून एक दिवस, ओळखपत्रं तपासून, होड्या सोडता आल्या असत्या. गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींनी तशी मागणी अनेकदा केली.

कागदोपत्री अंजदीव आजही गोव्याच्या काणकोण तालुक्यात आहे. बांध येतो कर्नाटकातून, आणि फाटक नौदलाचं.