कापसाची गाठ आणि सायकलची बॅटरी

मागच्या महिन्यात वर्ध्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो होतो. नातवाची विजेवर चालणारी सायकल बंगलोरला पाठवायची होती. नोकरी लागून तो तिकडे गेला आणि सायकल इथे पवनारला आमच्या ओसरीत राहिली. काउंटरवरचा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. पावती लिहिता लिहिता विचारलं, "सर, बॅटरी लावलेलीच हाय का?"

मी म्हटलं, हो.

"मंग बॅटरीचं कायले लिहिता सर? नुसती सायकल लिहितो. कागदपत्राची झंझट नाही."

बिचारा आदरापोटीच बोलला. आणि कबूल करतो, मी मान हलवली होती. सही करायला पेन हातात घेतलं तेव्हा आठवलं, गेल्या पावसाळ्यात धाम नदीच्या उतारावर ही सायकल घसरून दगडावर आपटली होती. बॅटरीच्या डब्याला एका बाजूने चांगला पोचा आला होता. सायकल चालते आहे ना, मग झालं, असं म्हणून आम्ही सगळे ते विसरून गेलो होतो. मी पेन खाली ठेवलं. "उद्या येतो रे," म्हणालो आणि घरी आलो.

हात का थांबला, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माझे वडील जिनिंग प्रेसिंगमध्ये कामाला होते. आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळीनंतर रस्त्याने बंड्यांची रांग लागायची आणि प्रेसच्या फाटकावर प्रत्येकाची बिडी-काडी काढून घेतली जायची. मालक असो की हमाल. वडील सांगायचे, कापसाच्या ढिगाला लागलेली आग दिसते तरी, गाठीला लागलेली आग दिसत नाही. दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात एक ठिणगी गेली की ती आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी ओतलं तर ते बाहेरूनच वाहून जातं, कारण कच्च्या कापसाला मेणाचा अंश असतो. विझली म्हणून गाठ बाजूला ठेवावी आणि दोन दिवसांनी ती पुन्हा पेट घ्यावी, असं त्यांनी पाहिलं होतं.

या गोष्टीच्या ओघात ते नेहमी मुंबईच्या गोदीच्या स्फोटावर यायचे. १४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. पण १९४४ साली याच तारखेला मुंबईत जे घडलं ते आजच्या मुलांना फारसं माहीत नसतं.

'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज इंग्लंडमधून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. कराचीला त्यात कापसाच्या गाठी भरल्या गेल्या, शिवाय तेल, लाकूड, गंधक असं बरंच काही. एकाच खणात स्फोटकं आणि कापूस! आमच्या प्रेसच्या फाटकावरचा निरक्षर चौकीदारसुद्धा हे होऊ देता ना. शांततेच्या काळात अशा जहाजाला गोदीच्या आत येऊ देत नसत. पण युद्धाच्या घाईत निर्बंध सैल केले होते. धोक्याचा माल आहे हे सांगणारा लाल बावटा अशा जहाजाने लावायचा असतो. तो फोर्ट स्टिकिनवर नव्हता.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या खणात धूर दिसला. अग्निशामक दल आलं. ९०० टनांहून अधिक पाणी खणात ओतलं गेलं, पण आगीचं मूळ सापडेना. गाठीच्या पोटातली आग ती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा निरनिराळा दिला जातो. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

लोक या स्फोटाची गोष्ट सांगताना जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून कुठे कुठे पडल्या ते रंगवून सांगतात. मला मात्र त्या न लावलेल्या बावट्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शेजारच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण कशाशेजारी उभे आहोत हेच माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कुठे तो दारूगोळा आणि कुठे सायकलची बॅटरी! मीही आधी असंच म्हटलं असतं. पण घरी येऊन नातवाला फोन केला, थोडं वाचलं, आणि वडिलांची गाठ पुन्हा समोर उभी राहिली.

ही लिथियमची बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या संशोधनासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा कोंबलेली, हाच तिचा गुण आणि हाच धोका. आत अनेक छोटे सेल असतात. मार बसला, जास्त चार्ज झाली किंवा आतला पडदा फाटला, तर एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो आणि साखळी सुरू होते. आग आतूनच उष्णता निर्माण करते. वरून विझली असं वाटलं तरी काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा भडकते. अगदी कापसाच्या गाठीचा स्वभाव.

आणि बावटा न लावण्याची सवयही तीच. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानाला हवेतच आग लागली आणि दोन्ही वैमानिक गेले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. चौकशीत आढळलं की निदान तीन खेपा धोकादायक मालात मोडणाऱ्या होत्या, पण कागदावर तसं लिहिलेलंच नव्हतं. कुणीतरी कुठेतरी "कायले लिहिता" म्हटलं असणार.

असं झालं की नियम येतात. १ एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आली, आणि मालवाहू विमानातूनही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसताना पाठवायच्या असं ठरलं. कारण साधं आहे, भरलेल्या बॅटरीत जाळायला जास्त ऊर्जा असते. बॅटरीचा नमुना आधी कमी दाब, उष्णता, हादरे, धक्का, शॉर्ट सर्किट अशा चाचण्यांतून जावा लागतो. दोन्ही टोकं झाकायची. खोक्यावर खूण लावायची, तो आजचा लाल बावटा. आणि मार लागून धोकादायक झालेली बॅटरी विमानात चालतच नाही. प्रवाशाने सोबत न्यायची मर्यादा साधारण १०० वॅट-अवर, परवानगीने १६०. आमच्या सायकलवर ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर लिहिलं आहे. गुणाकार करा, ३६० होतात.

रस्त्यावरही काही निराळं नाही. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकला विजेवरच्या ४० स्कूटर भरलेल्या कंटेनरला आग लागून २० स्कूटर जळाल्या. सुदैवाने माणूस दगावला नाही. त्या वर्षी देशात अशा आगी बऱ्याच लागल्या आणि सरकारने स्कूटरच्या बॅटऱ्यांचे निकष कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. धोकादायक माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला पूर्ण माहिती द्यावी, हे तर १९८९ च्या मोटार वाहन नियमांत आहेच.

चाळीस वर्षं मी वर्गात नियम सांगितले. पोरं विचारायची, "कशासाठी सर?" आणि मी म्हणायचो, "नियम आहे म्हणून." किती चुकीचं उत्तर देत होतो! प्रत्येक नियमाच्या खाली कुणाची तरी राख आहे. ती दाखवली असती तर पोरांनी तो न विसरता पाळला असता. आणि त्या दिवशी काउंटरवर माझ्याच विद्यार्थ्याने मला जे सुचवलं, त्यात थोडा दोष माझ्या शिकवण्याचाही असेल. पोचा आलेली ती बॅटरी घेऊन जो ट्रक निघाला असता, त्याच्या चालकाला मी काय उत्तर दिलं असतं? त्याने रात्री त्याच गाडीत पाठ टेकली असती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. विद्यार्थ्याला फोर्ट स्टिकिनची गोष्ट सांगितली. चहा गार होईपर्यंत तो ऐकत होता. मग त्याने पावती लिहिली, "सायकल एक नग, बॅटरी काढलेली." नातू तिकडे नवी बॅटरी घेईल. जुनी मी आठ दिवस अंगणात, घरापासून दूर, दगडावर ठेवली होती. दुकानदाराने ती परत नेली. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, हेही त्या निमित्ताने कळलं.

निघताना विद्यार्थी म्हणाला, "सर, आता येणाऱ्या प्रत्येकाले विचारतो, बॅटरी हाय का म्हणून."

असो. पावतीवरचे ते दोन शब्द वडिलांनी वाचले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.